आधी चहा, मग कारण

मूल गावच्या त्या राईस मिलमध्ये भिंतीला एक पितळी घंटा होती. काही बिघडलंसं वाटलं की ती कुणीही वाजवावी. वाजली की मशीनवरचा मिथुन मेन स्विच पाडायचा, सगळे चहा प्यायचे आणि कप खाली ठेवल्यावरच वाजवणाऱ्याला कारण विचारायचं. ही पद्धत मालक हेमराजभाऊंनी पाडलेली. घाबरलेल्या माणसाला लगेच जाब विचारला की तो खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. कधी कारण अगदीच फुसकं निघायचं. तेही चालायचं.

हेमराजभाऊंनी अंथरूण धरलं, तेव्हा त्यांची मुलगी उर्वशी पुण्याची नोकरी सोडून मिल सांभाळायला आली. पोरगी मनाने चांगली, हे आधीच सांगून ठेवतो. तिला मिलमध्ये 'कल्चर' आणायचं होतं. ते तिच्या लहानपणापासून भिंतीला टांगलेलं होतं, पण त्यावर तसं लिहिलेलं नव्हतं ना! तिने सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट दिले, वाढदिवसाला केक आणले, भिंतीवर 'आपण एक कुटुंब' रंगवून घेतलं. मग तिला घंटा खटकली. मिल सारखी थांबते म्हणजे काय? तिने जाहीर केलं, ज्या आठवड्यात घंटा वाजणार नाही, त्या रविवारी मिलतर्फे सगळ्यांना मटणाचं जेवण.

लोक खूश झाले. कुणी घंटेकडे नुसतं पाहिलं तरी बाकीचे म्हणायचे, "अबे, मटन जाईन ना." उर्वशीही हसायची. माणसं एक झाली, असं तिला वाटायचं. झालीही होती.

पहिल्याच जेवणाच्या रविवारी मागच्या अंगणात पातेलं चुलीवर होतं आणि आत चालू मिलमध्ये कामाला असलेली कांताबाई सांडलेलं धान झाडत होती. धान वर चढवणाऱ्या पट्ट्यावरचं झाकण निसटलं आणि झाडूसकट तिचा हात आत ओढला गेला. मिथुनने धावत जाऊन स्विच पाडला. तरी दोन बोटं गेली.

दवाखान्यात उर्वशी खाटेजवळ उभी राहिली. कांताबाईच तिला समजावू लागली.

"ताई, झाकन ढिलं हाय हे मले माहीत होतं. पन माह्या एकटीपायी सगळ्याइचं जेवन काऊन बुडवू म्हटलं." मग म्हणाली, "माफ करजा. आता थंडं झालं असन सारं."

उर्वशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना गाडीत तिच्या मनात आलं, झाकण आवळणं फिटरचं काम, आपण थोडंच कुणाला घंटा वाजवू नका म्हटलं होतं? हा विचार आला याचीच तिला लाज वाटली. तसं तोंडाने म्हणायचं बाकी ठेवलं होतं, एवढंच.

मिल बंद होती. माणसं अंगणात बसली होती. पातेल्यावरचं झाकण कुणी काढलं नव्हतं. उर्वशी आत गेली आणि तिने घंटा वाजवली.

मग जुना हमाल हरिदास उठला आणि त्याने चुलीवर चहा ठेवला. सगळे तो प्यायले. बंद मिलमध्ये घंटा कशासाठी, असं एकानेही विचारलं नाही. उर्वशीला वाटत होतं, कुणीतरी विचारून टाकावं, निदान शिवी तरी द्यावी. तो एक कप तिला संपता संपेना.

तिने कप खाली ठेवला, तेव्हा हरिदास म्हणाला, "सांग बाई. काऊन वाजवली?"

"माह्या जेवणापायी कांताबाईची बोटं गेली, भाऊ," ती म्हणाली. पुण्यात सुटलेली बोली तिच्या तोंडी आपोआप आली. "तुमचं तोंड मी बंद केलं. चूक माही आहे."

तिला वाटलं, आता हरिदास रागावेल. तो जमिनीकडे पाहत होता.

"झाकन ढिलं होतं ते म्या बी पाह्यलं होतं," तो म्हणाला.

"म्या बी," मिथुन म्हणाला.