वऱ्हाडाच्या गाद्या

अनुसूयाताईंना गप्प बसता येत नसे, आणि गंमत म्हणजे गप्प कसं बसायचं हे त्याच सगळ्यांना शिकवत. हातपाय धड न चालणाऱ्या मुलांसाठी झाशीत त्यांनी एक व्यायाम-केंद्र काढलं होतं. बावीस वर्षं त्या ते चालवत होत्या, म्हणजे खरं सांगायचं तर बावीस वर्षं त्यासाठी लोकांच्या दारी जाऊन मागत होत्या. देणग्यांच्या कामावर कोणी नवीन आलं की पहिल्या दिवशीचा धडा ठरलेला. ‘काय हवं ते सरळ सांगायचं. सांगून झालं की तोंडाला कुलूप. समोरचा विचार करत असतो, त्याला करू द्यायचा. कितीही अवघड वाटलं तरी मध्ये बोलायचं नाही.’ भोपाळच्या कुठल्याशा शिबिरात ऐकलेली ही गोष्ट त्या अशा झोकात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंनी जन्मभर मौन पाळलंय.

पाळलं मात्र एकदाही नव्हतं. त्यात त्यांचा एकटीचा दोष नाही म्हणा. त्यांचं माहेर झाशीतल्या जुन्या मराठी घरांपैकी, पूजाअर्चेचं. गावात आपली माणसं मोजकी, उद्या पुन्हा त्यांच्याच दारात हळदीकुंकवाला जायचंय, तेव्हा समोरच्यावर ‘नाही’ म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही, ही त्या घराची रीत. अनुसूयाताईंची आई कोणाकडे विरजण मागायला गेली तरी, समोरची बाई भांड्यात डोकावायच्या आतच म्हणायची, ‘नसेल तर राहू दे गं, काही अडलं नाही.’ ताईंनी संस्था चालवली ती याच पद्धतीने. मागायचं, समोरचा जरा घुटमळला की आपणच अर्ध्यावर यायचं आणि चहा घ्यायचा. लोक त्यांना फार मानत. कोणी कधी त्यांना नाही म्हटलं नव्हतं, याचा ताईंना केवढा अभिमान. अहो, नाही म्हणायला जागाच कुठे ठेवत होत्या त्या?

चारुता तीन वर्षांपूर्वी कामाला आली. रेल्वे कॉलनीतली मुलगी, वडील वर्कशॉपमध्ये, मूळचे भुसावळचे. मराठी सगळं समजायचं, बोलताना अर्धं हिंदी. पण कामाला वाघीण. झाशीबाहेरच्या मोठ गावाहून रामकली नावाची बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन केंद्रात यायची, तर ही एकदा नुसतं बघायला म्हणून तिच्याबरोबर बसने तिच्या घरापर्यंत गेली आणि आली. आल्यावर म्हणाली, ‘ताई, एवढ्या धक्क्यांमध्ये आपण केलेला व्यायाम परत जातो. या बायकांना इथेच राहायला जागा पाहिजे. तीन-तीन महीने.’

ताईंचे गुडघे कुरकुरायला लागले होते. आपल्यामागे हिनेच केंद्र सांभाळावं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि तिला तसं सांगितलंही. चारुताने लगेच हो म्हटलं नाही. ‘पहले एक बड़ा काम मला एकटीला करू द्या, ताई. तुम्ही बरोबर या, पण बोलणार मी. मग ठरवते.’

ताई म्हणाल्या, ‘दिला शब्द.’

ते मोठं काम म्हणजे ताईंच्या जुन्या ओळखीतल्या अनंतरावांचं विवाह घर, म्हणजे लग्नाचं कार्यालय. लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याच्या अलीकडे त्यांनी ते बांधलं, बायकोच्या, गोदूबाईंच्या नावाने. पुढे मांडव घालायला पटांगण, मागे वऱ्हाड उतरवायला आठ खोल्या. गोदूबाई गेल्यापासून त्यांचं धंद्यातलं लक्ष उडालं होतं. मुलगा अनुप नागपूरला, तो काही परत येणार नव्हता. चारुताचं म्हणणं, पटांगण लग्नांना राहू दे, पण मागच्या आठही खोल्या बारा महिने केंद्राला द्या, आया आणि मुलं राहतील. तिने तीन आठवडे तयारी केली. खोल्यांचा नकाशा काढला, संडास कुठे बदलावे लागतील तेही त्यावर दाखवलं.

श्रावणात, लग्नं बंद असताना, दोघी गेल्या. अनंतरावांनी पेढे पुढे केले. ताईंनी ओळख करून दिली आणि शब्दाप्रमाणे मागे सरकून बसल्या. चारुता बोलली. काय बोलली पोर! रामकलीचं रडगाणं गायलं नाही, गोदूबाईंचं नाव मध्ये आणलं नाही. बसचा प्रवास सांगितला, मुलीची मान आता कशी सावरली जाते ते सांगितलं, नकाशा उलगडला आणि शेवटी सरळ म्हणाली, ‘अंकल, आम्हाला आठही खोल्या पाहिजेत. पूरे साल. द्याल का?’

आणि ती गप्प झाली. शिकवल्याप्रमाणे, अगदी हुबेहूब.

अनंतरावांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. नकाशाकडे पाहिलं, मग खिडकीतून मागच्या खोल्यांकडे पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले, पण शब्द आला नाही. वरचा पंखा तेवढा कटकट करत होता.

ताईंचा जीव वर-खाली व्हायला लागला. म्हातारा माणूस, बायको गेलेली, आणि आपण त्याला कोंडीत पकडलंय. नाही म्हणायचंय, पण जीभ रेटत नाहीये बिचाऱ्याची. उद्या देवळात समोर आले तर नजर चुकवतील. चारुता शांतपणे त्यांच्याकडे बघत होती, आणि ताईंना तिचा त्या क्षणी रागसुद्धा आला, की कशी ही मुलगी, काहीच कसं वाटत नाही हिला.

‘आठ म्हणजे, अनंतराव,’ ताई बोलून गेल्या, ‘तसं काही नाही हं. पोरगी उत्साही आहे. दोन दिल्यात तरी पुष्कळ. आणि लग्नसराई नसेल तेव्हाच. तुमची अडचण व्हायला नको.’

अनंतरावांनी चष्मा लावला. आधी ताईंकडे बघितलं, मग चारुताकडे, आणि म्हणाले, ‘बरं. दोन घ्या मग.’

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दुसरा पेढा घेतला. चारुताने नकाशाची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

परतताना स्कूटी चारुता चालवत होती. ताई मागून म्हणाल्या, ‘दोन तर मिळाल्या. पहिल्याच झटक्यात. काय वाईट?’

‘मी आठ मागितल्या होत्या, ताई,’ चारुता म्हणाली. केंद्र येईपर्यंत ती आणखी काही बोलली नाही, आणि ताईंना वाटलं की रहदारीमुळे बोलत नसेल.

दोन खोल्यांत चार आया राहिल्या. रामकलीची मुलगी दिवाळीच्या सुमारास भिंतीला टेकून स्वतःची स्वतः बसायला लागली. सगळ्या केंद्राने तिला बघायला गर्दी केली. मग देवउठनी, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी आली, लग्नं उघडली, आणि ठरल्याप्रमाणे खोल्या रिकाम्या कराव्या लागल्या. रामकलीने बोचकं बांधलं. ‘अब कब आएँ, दीदी?’ तिने चारुताला विचारलं. त्यानंतर रामकली पंधरा दिवसांतून एकदा यायची, मग तेही थांबलं.

डिसेंबरात चारुताने राजीनामा दिला. लखनौला एका मोठ्या संस्थेत काम मिळालं होतं, जानेवारीच्या शेवटी रुजू व्हायचं होतं. ताईंनी पगाराचं विचारलं, तर म्हणाली थोडाच जास्त आहे. घरचं काही आहे का विचारलं, तर नाही. ‘माझं काही चुकलं का?’ हे मात्र विचारलं नाही. कारण तो प्रश्न विचारला असता तर उत्तराची वाट बघावी लागली असती, आणि तेवढं त्यांच्याच्याने होणारं नव्हतं. त्यांनी तिला शाल आणली, सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, आणि घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

संक्रांतीला त्या तिळगूळ घेऊन अनंतरावांकडे गेल्या. मनात होतं, या वेळी आपणच चार खोल्यांचं बघू, म्हणजे चारुता निदान विचार तरी करेल. पटांगणात माणसं मापं घेत होती. अनंतरावांनी तिळगूळ घेतला, त्यांना बसवलं आणि सांगितलं, की विवाह घर दहा वर्षांच्या कराराने कानपूरच्या एका इव्हेंटवाल्या कंपनीला दिलं. अनुपने सगळं जुळवलं, बयाणाही घेऊन झाला.

‘खोल्यासुद्धा?’ ताईंनी विचारलं.

‘सगळंच. त्या कंपनीला मागे एसी रूम करायच्यात.’

ताई म्हणाल्या, ‘असू दे, असू दे. तुमचाही नाइलाज.’ झालं, लागलीच सोडवून टाकलं त्यांना.

पण म्हातारा आज सुटायला तयार नव्हता. तिळगुळाची वडी हातात तशीच धरून तो म्हणाला, ‘अनुसूयाबाई, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही मध्ये का बोललात?’

‘तुम्हाला अवघडल्यासारखं झालं होतं ना. तुम्ही किती वेळ काही बोलला नाहीत.’

‘मी गाद्यांचा विचार करत होतो.’

‘कसल्या गाद्या?’

‘वऱ्हाडाच्या. दीडशे गाद्या आहेत. सातव्या आणि आठव्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या असतात. खोल्या तुम्हाला दिल्या तर त्या कुठे ठेवायच्या? मांडवाच्या गोदामात ओल येते. गोदूने एकेक शिवून घेतलेल्या, उंदरांच्या तोंडी द्यायच्या नव्हत्या मला. मग सुचलं, जिन्याखाली फळ्या मारून घेऊ. तेच सांगणार होतो, की महिनाभर द्या, गाद्या हलवतो आणि आठही खोल्या घ्या. तेवढ्यात तुम्ही बोललात.’

ताईंच्या तोंडून शब्द फुटेना. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही नको तेव्हा.

‘मग तुम्ही... तुम्ही तसं म्हणायचंत ना,’ त्या कशाबशा म्हणाल्या.

‘कसं म्हणणार? मुलगी नवी, तुम्ही जुन्या. ती म्हणते आठ, तुम्ही म्हणता दोन. मला वाटलं, हिच्यावर तुमचाच भरवसा नाही. ज्या बाईने तिला आणलं तिचाच नाही, तर मी कोणाच्या भरवशावर घर द्यायचं?’ अनंतरावांनी वडी ताटलीत ठेवली. ‘मुलगी फार चांगली बोलली होती हो. मी रात्री अनुपला फोनवर सांगितलं सुद्धा.’

त्या बाहेर पडल्या आणि रिक्षा न करता तालाच्या कडेने चालत निघाल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. बावीस वर्षांत कोण कोण असं घुटमळलं होतं, ते एकेक तोंड त्यांच्यासमोर यायला लागलं. बबीना छावणीतले सुभेदार, व्हीलचेअर मागितल्यावर ज्यांनी मिशीला हात लावून छताकडे पाहिलं होतं. मोठचा आडत्या, गाडी मागितल्यावर जो बोटं मोडत बसला होता. त्या सगळ्यांना त्यांनी किती प्रेमाने सोडवलं होतं! त्यातला कोण नाही म्हणणार होता आणि कोण गाद्यांचा विचार करत होता, हे आता कळायला मार्ग नव्हता. समोरच्याची भीड आपण राखतो असं त्या समजत आल्या. राखली होती स्वतःची. नकार ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी पोरांच्या वाट्याचं सोडून दिलं होतं. वाटेतल्या देवळाच्या पायरीवर बसून त्या रडल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका ‘क्या हुआ अम्मा जी’ म्हणून विचारायला लागल्या तेव्हा उठल्या.

रविवारी सकाळी त्या रेल्वे कॉलनीत चारुताच्या घरी गेल्या. लखनौची गाडी संध्याकाळची होती. चारुता खोलीत जमिनीवर बसून सामान बांधत होती. तिची आई चहा टाकायला आत गेली.

ताई कॉटच्या कडेला बसल्या आणि अनंतरावांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. गाद्या, जिना, फळ्या, सगळं. भरवशाचं वाक्यही गाळलं नाही. चारुता ऐकत राहिली. तिच्या हातातली दोरी थांबली होती.

‘तुला आठ मिळाल्या होत्या,’ ताई म्हणाल्या. ‘मी घालवल्या. तुझं काम होतं, मी शब्द दिला होता, आणि तो मी मोडला. रामकलीच्या पोरीचं नुकसान झालं ते माझ्यामुळे. मला माफ कर असं म्हणायला मी आले नाही, ते तुझं तू बघ. मी मागायला आलेय.’ त्यांनी श्वास घेतला. ‘चारुता, तू जाऊ नकोस. केंद्र तू चालव. पूर्ण तुझ्या हातात, उद्यापासून. मी कचेरीत पाऊलही टाकणार नाही. राहशील?’

चारुताने मान खाली घातली.

स्वयंपाकघरात आलं कुटल्याचा आवाज येत होता. ताईंच्या ओठांवर सगळं तयार होतं. सहाच महिने राहा. नाहीतर शनिवार-रविवार येत जा. नाहीतर फोनवर सल्ला दे, तेवढंही पुष्कळ. असू दे गं, तुझीही अडचण असेल. जीभ नुसती वळवळत होती. त्यांनी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं.

चारुताने एकदा वर पाहिलं. ताई आता काहीतरी कमी करून घेतील, याची तिला सवय होती. ताईंनी कमी केलं नाही. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. आलं कुटायचं थांबलं, कप मांडल्याचे आवाज आले.

पोरीचे डोळे भरून आले. तिने ते मनगटाने पुसले.

‘नाही, ताई,’ ती म्हणाली.

बावीस वर्षांत ताईंना कोणी तोंडावर नाही म्हटलेलं हे पहिलं. ते इतकं साधं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. इतकं दुखेल, असंही नाही.

‘वहाँ मी शब्द दिलाय,’ चारुता सावकाश म्हणाली. ‘आणि अब मेरे मन में डर बसलाय. मी कुठे मागायला बसले ना, की वाटतं, आता मागून कोणीतरी बोलेल. तो डर जाईपर्यंत मला इथून दूर राहायचंय.’

‘बरं,’ ताई म्हणाल्या.

आणखी खूप काही म्हणता आलं असतं, पण त्या म्हणाल्या नाहीत. चहा आला, तो दोघींनी घेतला. मग चारुताने आपली अंथरुणाची गादी गुंडाळली, तर ती पुन्हा पुन्हा उलगडायला लागली.

‘इथे जरा दाबून धरा, ताई,’ ती म्हणाली.

अनुसूयाताई दुखऱ्या गुडघ्यांनी जमिनीवर बसल्या, आणि दोरीची शेवटची गाठ पडेपर्यंत त्यांनी ती गादी दोन्ही हातांनी दाबून धरली.