दैत्याचा मान

बोहाड्याचा उत्सव जवळ आला आणि आमच्या भिंतीवरच्या दैत्याच्या मुखवट्याला दाढी फुटली. काळी, दाट, हनुवटीपाशी थोडी पिकलेली. कागदाच्या लगद्याचा मुखवटा तो, वर रेड्याची शिंगं, खाली रंगवलेले सुळे. मी हात लावून पाहिला. टोचली.

आमच्या गावात पुराणातली सोंगं घराघरांत वाटलेली आहेत. कुणाकडे गणपती, कुणाकडे वानर, आमच्याकडे दैत्य. बोहाड्यात सगळी सोंगं नाचतात आणि शेवटच्या सकाळी देवी दैत्याला मारते. आजेसासऱ्यांपासून आमच्या घरचा पुरुष दरसाल पडतो, आणि दरसाल उठून घरी येतो, चहा मागतो. मान आहे म्हणे! मरायचा कसला आलाय मान?

दाढी नवऱ्याची होती हे मला लगेच कळलं, कारण त्याची थांबली होती. वायरमन माणूस, कामावर जायच्या आधी आरशापुढे उभा राहून गुळगुळीत गालांवरून वस्तरा फिरवायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. गाल तकतकीत झाले, नुकताच रंगाचा हात दिल्यासारखे. जेवण सुटलं. खाटेवर बसला तरी खाट कुरकुरेनाशी झाली. इकडे चुलीवर भाकरी टाकली की मुखवटा ओठ चाटायचा.

मी काही दुधखुळी नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं. नवऱ्याचा मोबाइल त्याचं तोंड बघितल्याशिवाय उघडत नाही. मी तो त्याच्यापुढे धरला. उघडला नाही. भिंतीपुढे धरला. उघडला.

सासू तांदूळ निवडत होती.

"आत्याबाई, तुमचा मुलगा भिंतीवर गेलाय."

"होतं असं," ती मान वर न करता म्हणाली. "तुझ्या सासऱ्याचंही झालं होतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करायचं? जो उठला त्याच्याशी संसार केला."

सासऱ्यांची चिता कागद जळावा तशी घटकाभरात विझली होती, ते मला आठवलं. तेव्हा सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस.

देवीचं सोंग रावजी गुरुजींकडे. मी त्यांच्या अंगणात गेले, तर ते देवीची लाकडी तलवार दगडावर घासत बसलेले.

"गुरुजी, लाकडाला धार कशाला?"

"यंदा सगळे व्हिडिओ काढणार. खरं दिसायला पाहिजे."

"दिसायला, की व्हायला?"

ते हसले. पात्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि पटकन तोंडात घातलं. मेल्या, तुला शाळेत कुणी ठेवलं, असं तोंडावर आलं होतं. घरी येताना जो तो मला विचारत होता, दैत्य तयार आहे ना? आधी कधी कुणी विचारलं नव्हतं.

दोघांतला एकच परत येणार हे आता उघड होतं. मला माझा हवा होता. ऊब भिंतीवर होती, दाढी भिंतीवर, मोबाइलही भिंतीलाच ओळखत होता. शेवटच्या सकाळी मी मुखवटा उतरवला आणि पदराखाली घेतला. तो श्वास घेत होता. नवऱ्याच्या कपाळाला तोवर शिंगं आली होती, त्यामुळे मुखवटा कुठाय असं कुणी विचारलं नाही.

संबळ वाजत दारात आला. मागून अख्खं गाव, मोबाइल वर धरून.

"दैत्य कुठाय?" रावजी गुरुजींनी विचारलं. तोंडावर देवीचा शेंदरी मुखवटा, आवाज बाईचा.

"खाटेवर आहे. न्या," मी म्हणाले.

एकट्या माणसानं त्याला बखोटीला धरून उचललं. त्यानं काही हूं का चूं केलं नाही. उंबऱ्यावर मात्र तो थांबला, शिंगं चौकटीला अडकत होती म्हणून मान तिरकी करून माझ्याकडे वळला.

"यमुने, पाण्याची मोटार बंद केलीय का बघ. आणि उन्हात उभी राहू नको, तुझं डोकं दुखतं."

मी त्याला धरायला हात पुढे केला.

"जाऊ दे त्याला," पदराखालून नवऱ्याच्या आवाजात कुणीतरी म्हणालं.

मी मागोमाग धावले. मांडवासमोर रिंगण धरलं होतं. पिपाणी चढली, देवी फिरली, तलवार खाली आली. तो पडला. शिट्ट्या वाजल्या. एक पोरगी आईला म्हणाली, "परत एकदा पाडायला सांग ना, माझा व्हिडिओ नीट नाही आला."

त्याच्या कुशीखालची माती लाल होत होती. कागदाला कुठलं रक्त?

"हाक मार," सासू मागून म्हणाली.

पडलेल्या दैत्याला त्याच्या बायकोनं नावानं हाक मारायची, अशी आमच्याकडे रीत आहे. एरवी मी नवऱ्याचं नाव घेत नाही. हाकेला ओ देऊन तो उठतो आणि सोंग उतरतं.

मी त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसले. पदर एका हातानं घट्ट धरला होता.

"नवसू!" मी ओरडले. "अरे नवसू, ऊठ रे!"

"ओ," पदराखालून उत्तर आलं.

जमिनीवरच्यानं डोळे उघडले आणि माझ्या पदराकडे पाहिलं.