पाच बल्बांचं स्वयंपाकघर

नववीच्या वर्गाला रशियाचा धडा मुळीच आवडत नव्हता. बाई फळ्यावर लिहायच्या, मुलं वहीत उतरवायची आणि मागच्या बाकांवर माना डुलायला लागायच्या. बाईंना मात्र हा विषय जिवाभावाचा. कॉलेजात असताना त्या हौसेनं रशियन शिकल्या होत्या. मुलांच्या जांभया त्यांच्या मनाला लागायच्या.

एके दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं, बाकं सरकवायला लावली आणि खडूनं जमिनीवर रेघा ओढल्या. पाच चौकोन, त्यांत पाच कुटुंबं, आणि खिडकीपाशी सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर.

"क्रांतीनंतर शहरात माणसं मावेनात," त्या म्हणाल्या. "मग मोठ्या लोकांच्या घरात एकेका खोलीत एकेक कुटुंब राहायला आलं. नळ एक, संडास एक, स्वयंपाकघर एक. कुठे कुठे तर तिथे प्रत्येकाचा बल्ब वेगळा आणि त्याचं बटण ज्याच्या त्याच्या खोलीत."

"आणि दुसऱ्याच्या उजेडात भाजी चिरली तर?" कुणीतरी विचारलं.

"तर भांडण."

वर्ग खो खो हसला आणि खेळ सुरू झाला. पुठ्ठ्याचे पाच बल्ब टांगले गेले. डबे खिडकीपाशी पाळीपाळीनं खायचे ठरले. प्रत्येक चौकोनापाशी रशियन अक्षरांत आडनावाची पाटी लागली. "बाई, हा इंग्रजीतला आर आरशात बघून काढलाय का?" गोटीनं विचारलं. गोटी म्हणजे वर्गातली सगळ्यात गोलमटोल आणि तोंडाळ मुलगी.

"तो 'या' आहे. आणि एकटा आला की त्याचा अर्थ 'मी'."

घरावर देखरेख ठेवायला कुणीतरी हवं होतं. बाईंनी चिमणीला नेमलं. चिमणी गोटीची जिवलग मैत्रीण, पण स्वभावानं अगदी उलट. हजेरीलासुद्धा तिचा आवाज जेमतेम ऐकू यायचा. या निमित्तानं बोलती होईल, एवढाच बाईंचा हेतू. "कुणी नियम मोडला तर मला येऊन सांगायचं हं," त्या म्हणाल्या.

आणि चिमणी खरंच बोलती झाली. मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी यायची. कुणी पाळी चुकवली, कुणी दुसऱ्याच्या चौकोनात पाय टाकला, सगळं सांगायची. "किती बारीक लक्ष आहे गं तुझं!" बाई कौतुकानं म्हणायच्या, आणि चिमणीचा चेहरा उजळायचा. ते पाहून आणखी मुलं येऊ लागली. बाईंना वाटलं, चला, वर्गाला गोडी लागली.

मग एकदा चिमणी आली ती घुटमळतच. "बाई, गोटी म्हणाली की तुम्हाला धडा शिकवायचा कंटाळा आलाय, म्हणून हा पोरखेळ मांडलाय."

बाईंना ते झोंबलं. तासाला गेल्या गेल्या त्यांनी गोटीच्या कुटुंबाला खिडकीजवळच्या चौकोनातून उठवलं आणि दाराशी, केराच्या डब्याशेजारी बसवलं. कारण सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. वर्गात नुसती दबकी कुजबुज झाली.

गोटीनं दप्तर उचललं. मग हळूच म्हणाली, "बाई, हे खेळातलं आहे का खरं?"

बाईंनी पुस्तक उघडलं आणि उरलेला तास धडा वाचून दाखवला.

घरी त्यांच्या वडिलांनी पडलेला चेहरा पाहून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. वडिलांची हयात छापखान्यात गेलेली, बोलणं मोजकं. त्यांनी एकच विचारलं, "तिनं तुझ्या कानावर घातलं नसतं तर तू काय केलं असतंस?"

"काहीच नाही. पोरगी काहीबाही बोलतेच."

"मग शिक्षा कशाची झाली?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी गोटीला सगळ्यांदेखत जागेवर परत बसवलं. "काल मी जे केलं ते खेळातलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला राग आला होता, आणि माझ्या हातात सत्ता होती. चिमणीची यात चूक नाही. सांगायला मीच लावलं, शाबासकीही मीच दिली. आता मला सांगा, तुम्ही दबक्या आवाजात बोलायला कधीपासून लागलात?"

एक मुलगा म्हणाला, तो आता डबा खातानासुद्धा आजूबाजूला बघतो. एकीनं सांगितलं, आपलं नाव कुणी सांगायच्या आत आपणच दुसऱ्याचं सांगावं, असं तिला वाटायला लागलं होतं. "आणि सांगितल्यावर बरं वाटायचं, बाई," असं म्हणून ती रडायला लागली. त्या तासाला बाईंनी पुस्तकात दोन ओळींत उरकलेली गोष्ट सांगितली: शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं नाव गुप्त पोलिसांना दिलं, आणि त्यांनी उचलून नेलेली कितीतरी माणसं परत आली नाहीत. या वेळी कुणी पेंगत नव्हतं.

रेघा पुसल्या गेल्या. पण गोटी आणि चिमणी वेगळ्या बाकांवर बसू लागल्या, आणि चिमणीचा आवाज होता तसा पुन्हा विरून गेला. बाईंनी दोनदा तिला जवळ बोलावून पाहिलं. ती नुसती मान हलवायची. हे आपण केलं, आणि माफी मागून ते भरून निघालेलं नाही, हे बाईंना दिसत होतं. रोज हजेरी घेताना दिसत होतं.

धडा संपून बरेच दिवस झाले. बाई भलताच कुठला तरी तह शिकवत होत्या, आणि चिमणीनं हात वर केला.

"बाई, ते सांगणारे लोक... नंतर कुठे राहायचे?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "बहुतेक त्याच घरात."

"त्याच स्वयंपाकघरात?"

"हो."

"मग एकमेकांशी बोलायचे काय?"

"मला नाही माहीत गं," बाई म्हणाल्या.

मागच्या बाकावरून गोटी, वहीतून मान वर न काढता, म्हणाली, "मीठ मागत असतील. कुठूनतरी सुरुवात करावीच लागत असेल ना."

चिमणीनं मागे वळून पाहिलं. बाईंनी खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड करून, जरा जास्तच सावकाश, तहाचं साल लिहायला घेतलं.