काचेपलीकडचा होकार

टेल्मा खोटं बोलताहेत, असं मला त्यांच्या कानांची तपासणी सुरू व्हायच्या आधीच वाटू लागलं होतं. वेटिंग रूममध्ये त्यांची भाची बेलिंडा बाळाच्या पिशवीत काहीतरी शोधत होती. मान वर न करताच ती त्यांच्या भाषेत हळूच काही म्हणाली आणि टेल्मा हसल्या. ज्या बाईंना वर्गातल्या मुलांचं बोलणं ऐकू येत नाही, त्यांना हे कसं ऐकू आलं?

टेल्मा मार्शल बेटांवरच्या शिक्षिका. राजधानीपासून दूरच्या एका छोट्या बेटावर त्या लहान मुलांना शिकवत. भाचीच्या बाळंतपणासाठी इथे चँडलर शहरात आल्या होत्या आणि येत्या रविवारी परत जाणार होत्या. त्यांच्या बेटावर कान तपासणारं कोणी नव्हतं. बाहेरून एखादं पथक राजधानीत आलं, आणि नेमकी तेव्हाच बोट मिळाली, तरच तपासणी. मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं, की हे ऐकू न येणं असंच चाललं तर वर्ग दुसऱ्या कोणाकडे द्यावा लागेल. थोडक्यात, श्रवणयंत्र मिळायचं तर याच आठवड्यात, नाहीतर नाही.

यंत्र देणार होते राजाराम काका. काका मूळ नागपूरचे, इथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यातून रिटायर झालेले. काकू गेल्यावर त्यांच्या नावाने काकांनी गरजूंना श्रवणयंत्रं देणारा हा निधी सुरू केला होता. मागच्या वर्षी, म्हणजे २००५ साली, एकाने यंत्र घेतलं आणि लगेच इंटरनेटवर विकायला काढलं. तेव्हापासून काकांची अट होती: तपासणी विश्वासार्ह आहे, असं कान तपासणारी म्हणून मी लिहून द्यायचं. फुकट मिळतंय म्हटलं की लोकांना कमी ऐकू येतं, असं ते म्हणत. मला ते बोलणं आवडत नसे, पण खोटी तपासणी देणारी माणसं मीही पाहिली होती.

आवाजबंद बूथमध्ये टेल्मांना हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज कितीही बारीक असला तरी ऐकू आला की दाबा, असं घाईत सांगितलं. मी काचेबाहेर मशीनपाशी बसले. बटण दाबलं की माझ्यासमोर एक छोटा दिवा लागतो. तपासणीभर माझी नजर त्या दिव्यावर असते.

साठ डेसिबलच्या खाली दिवा लागलाच नाही. मग शब्दांची तपासणी घेतली. साध्या बोलण्याइतक्या, पंचेचाळीस डेसिबलच्या आवाजात मी इंग्रजी शब्द म्हणत गेले आणि टेल्मा ते बरोबर म्हणून दाखवत गेल्या. साठच्या खाली नुसता सूर ऐकू न येणाऱ्याला पंचेचाळीसमध्ये शब्द कळत नाहीत. हे दोन आकडे जुळले नाहीत, की आम्ही आधी एकाच गोष्टीचा, बतावणीचा, संशय घेतो.

मी आत गेले. हेडफोन काढून ठेवले आणि त्यांच्या पाठीमागे उभी राहून बेताच्या आवाजात म्हटलं, बटणाची वायर सुटलेली दिसतेय. टेल्मांनी लगेच वाकून वायर पाहिली.

मी बाहेर येऊन काकांना फोन केला आणि संशय सांगितला. ते खूश झाल्यासारखे वाटले, म्हणजे त्यांचं म्हणणं खरं ठरतंय म्हणून. एकदा पुन्हा तपासते आणि मग नकार लिहिते, असं मी म्हटलं.

या खेपेला मी दिव्याकडे पाहिलं नाही. टेल्मांचा चेहरा पाहत राहिले. पकडायचंच होतं मला. चाळीस डेसिबलला सूर दिला. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या आणि खाली आल्या. बटण दाबलं नाही. पुन्हा दिला, पुन्हा भुवया. सूर न देता नुसतीच थांबून राहिले, तर चेहरा स्थिर. सगळं ऐकू येत होतं, आणि बाई हातात बटण धरून गप्प बसल्या होत्या.

मी दार उघडलं. बेलिंडाही बाळाला घेऊन मागोमाग आली.

"तुम्हाला ऐकू येतंय," मी टेल्मांना म्हटलं.

त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मग बटण का दाबत नाही?"

बेलिंडाचा आवाज चढला. "त्या मघापासून हो म्हणताहेत. तुम्ही त्यांचं ऐकतच नाही आहात."

"कधी म्हणाल्या?"

बेलिंडाने स्वतःच्या भुवया उचलून दाखवल्या. आमच्याकडे हो असंच म्हणतात, ती म्हणाली.

मग टेल्मा सावकाश, शिक्षिका बोलते तशा बोलल्या. "बारीक आवाज आला, मी हो म्हटलं. तुम्ही मान खाली घालून बसला होतात. पाहिलं नाहीत. मग तुम्ही तोच आवाज मोठा केलात. आणखी मोठा. तेव्हा मी बटण दाबलं. मला वाटलं, तुम्ही बघत नसाल तेव्हा हाक मारायला बटण आहे."

मी खुर्ची ओढून बसले. मी हो म्हणून आपल्या पद्धतीने मान डोलावते, तेव्हा इथली नर्स मला दोनदा विचारते, हो की नाही? आणि मला त्याचा रागही येतो.

भुवया बघून मी सगळी तपासणी पुन्हा घेतली. आकडे जुळले. कमी ऐकू येत होतं हे खरं, साठ नव्हे तर चाळीसच्या आसपास. समोरासमोरचं बोलणं कळावं आणि वर्गातल्या मागच्या बाकावरचं मूल निसटावं, एवढं.

काकांना हे पटेना.

"भुवया? म्हणजे उद्या कोणी कान हलवला तरी तू लिहून देशील?"

"कान हलवणारा आला तर तोही तपासेन, काका."

"आधी साठ, आता चाळीस. म्हणजे ऐकू येतं ना तिला."

"घरात येतं. वर्गात पुरत नाही."

मग त्यांनी विचारलं, "शुअर आहेस?"

मी कदाचित, बहुधा, असे शब्द वापरणारी बाई. या वेळी हो म्हटलं. यंत्र विकायला निघालं तर मी तुलाच धरणार, असं बजावून काकांनी होकार दिला.

शनिवारी टेल्मांना यंत्र बसवलं. बॅटरी बदलायला शिकवली, दमट हवेत रात्री यंत्र कोरड्या तांदळाच्या बरणीत ठेवा म्हटलं. बिघडलं तर कोणाकडे न्यायचं, असं त्यांनी विचारलं. मी मेलचा पत्ता दिला. याहून चांगलं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

शेवटची तपासणी यंत्र लावून, स्पीकरवरून. बटण सवयीने त्यांच्या हातात दिलं होतं. पंचवीस डेसिबल. मी त्यांचा चेहरा निरखत होते. भुवया हलल्या नाहीत. तीस. नाहीत. यंत्राचा काहीच उपयोग नाही, की काका म्हणत होते तेच खरं, हे मला ठरवता येईना. टेल्मा काचेतून माझ्याकडे शांतपणे पाहत होत्या.

मग त्यांनी हात उचलला आणि बोटाने माझ्यासमोरच्या टेबलाकडे दाखवलं. मी खाली पाहिलं. दिवा लागलेला होता.