नव्याण्णव औषधं

चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात ती अकरा वर्षं एकाच यंत्रापुढे बसत होती, आणि एवढ्या वर्षांत तिथे तिचं काही वाढलं असेल तर ती पाठदुखी. म्हणून तिला तो जपानी व्हिडिओ गेम आवडायचा. शंभर फुटकळ राक्षस मारले की तिथे आकडा चढतो, नवी विद्या येते, वर वाजंत्री वाजते. केलेलं वाया जात नाही. एवढा साधा न्याय तिला दुसरीकडे कुठे भेटला नव्हता.

पण खरी गंमत धाकट्या भावाबरोबर खेळण्याची होती. तो कॉलेजातून आणि ती कामावरून आली की दोघं फरशीवर मांडी ठोकून बसायची. गेममधल्या टोळीतला तलवारवाला त्याचा, औषधवाली हिची. तो आगापिछा न बघता अंगावर जायचा आणि मरायला टेकला की म्हणायचा, "ताई, औषध." तिचा डाव येईपर्यंत दोघांचाही जीव टांगणीला. ती साधं औषध द्यायची, कसाबसा तो वाचायचा. चांगली औषधं तिने हातची राखून ठेवली होती, शेवटच्या लढाईसाठी.

त्या लढाईच्या, गेममधल्या शेवटच्या दारापाशी दोघं पोचली आणि भावाला लांब नोकरी लागली. "मी आल्याशिवाय उघडू नकोस हं," तो म्हणाला.

ती शब्दाला जागली, तीन वर्षं. दार उघडायचं नाही, मग करायचं काय? रोज कामावरून आली की दाराबाहेरच्या रानात राक्षस मारत बसे. टोळीतल्या सगळ्यांचे आकडे टोकाला भिडले. चांगली औषधं नव्याण्णव झाली. त्याहून जास्त थैलीत मावत नाहीत.

मग एका रविवारी भाऊ आला. तो कायमचा परदेशी चालला होता आणि शाळा-कॉलेजचे दाखले न्यायला आला होता. संध्याकाळी परतायचं होतं. शोधाशोधीत वेळ जायला नको म्हणून तिने दाखले आधीच पिशवीत भरून दाराशी ठेवले होते.

"खेळायचं ना?" तिने कंट्रोलर पुढे केला.

"ते दार तू अजून तसंच ठेवलंयस?" तो हसला आणि चक्क फरशीवर बसला. तिला तीन वर्षांचं भरून पावलं.

दार उघडलं. आतला सैतान पडदाभर मोठा. त्याने जग बुडवायचं लांबलचक भाषण ठोकलं. तलवारवाल्याने एक वार केला, मग दुसरा. सैतान कोसळला.

गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. तिच्या औषधवालीचा डावसुद्धा आला नव्हता.

"एवढंच?" भाऊ म्हणाला.

"मी जरा तयारी करून ठेवली होती."

"जरा? अगं, खेळायला काही ठेवलंच नाहीस तू." त्याने घड्याळ पाहिलं. "मग आधीची गाडी मिळेल मला. निघू का?"

अति तिथे माती, हे तिला कुणी सांगायला नको होतं. काच हवी त्याहून जास्त घासली की कामातून जाते, हे ती नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवायची. ती "नीट जा" म्हणाली. तो पिशवी घेऊन गेला. चहाचं आधण गॅसवर तसंच होतं.

तिने गॅस बंद केला आणि परत बसली. असे गेम संपले की पुन्हा शेवटच्या दाराबाहेर आणून सोडतात. चढलेले आकडे उतरवता येत नाहीत, पण चिलखतं उतरवता येतात. तिने सगळ्यांची उतरवली, तलवारवाल्याची तलवार काढून हातात काठी दिली, आणि दोन्ही कंट्रोलर मांडीवर घेऊन दार उघडलं.

आता लढाई रंगली. सैतानाच्या पाचव्या फटक्याला तलवारवाला गुडघ्यावर आला, त्याचं नाव लाल झालं. औषधवालीला खरचटलं होतं, तेवढंच. डाव तिचा होता. तिला भावाचा राग आला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि चांगलाच आला.

तिने थैली उघडली, एक औषध काढलं आणि आपल्या औषधवालीला पाजलं. पुढच्या फटक्याला तलवारवाला आडवा झाला. थैलीत अठ्ठ्याण्णव उरली होती.