अनुसूयाने न वाचलेली ओळ

अनुसूया जाधवचं घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरूचं. घरात मराठी, पण टीव्हीवर संध्याकाळच्या कानडी बातम्या तीच वाचायची. राजाजीनगरातला किराणावालासुद्धा म्हणायचा, "अक्का, तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं."

एका वर्षी शहरात दंगल उसळली. दुपारी टीव्ही केंद्राची जीप तिला न्यायला आली, तेव्हा नवरा रघुपती दाराशी उभा होता. तो के. आर. पुरमच्या कारखान्यात फोरमन.

"उद्या कामावर जायचं की नाही, ते तुझ्या बातम्या ऐकून ठरवतो," तो म्हणाला. "आमच्या पाळीतले सगळे तसंच करणार आहेत."

मागडी रोडवर एक बस जळत होती. ड्रायव्हरने जीप गल्लीत घातली. मागून दगड आला आणि ताडपत्रीवर आदळून खाली पडला.

केंद्रात वृत्तसंपादक पद्मनाभने तिच्या हाती बातम्यांचे कागद दिले. शेवटच्या पानावर ताज्या शाईत एक ओळ होती: शहर पूर्ण शांत आहे, उद्या कारखाने आणि बस नेहमीप्रमाणे चालतील.

"सर, मी आत्ता जळती बस बघून आले."

"वरून आलंय. लोक घाबरू नयेत म्हणून."

"आणि उद्या कुणी बसमध्ये बसलं तर?"

पद्मनाभ वाईट माणूस नव्हता. आवाज खाली आणून तो म्हणाला, "घरी फोन करा, यजमानांना थांबवा. पण ओळ वाचा."

तिचा हात फोनकडे गेलासुद्धा. मग तिला पाळीतले बाकीचे आठवले. त्यांना कोण फोन करणार होतं? तिने हात मागे घेतला आणि ती स्टुडिओत जाऊन बसली.

लाल दिवा लागला. दिल्लीच्या बातम्या झाल्या, राज्याच्या झाल्या. शेवटचं पान वर आलं. काचेपलीकडे पद्मनाभ उभा होता. तिने कागदावरून नजर काढली.

"इथे येताना मी मागडी रोडवर जळती बस पाहिली," ती म्हणाली. "उद्या काय होईल, ते मला खात्रीने सांगता येत नाही. बाहेर पडण्याआधी विचार करा."

पद्मनाभचा हात प्रक्षेपण तोडायच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने हवामान वाचलं, नमस्कार केला.

दुसरा दिवस सुना गेला. रस्त्यांवर माणूस नव्हतं.

"बघा, काहीच झालं नाही," पद्मनाभ म्हणाला.

"कुणी बाहेरच पडलं नाही, सर."

"ते तुमच्यामुळे, की तसंही पडले नसते? सांगता येईल?"

तिला सांगता आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

त्यानंतर तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं नाही. शेतीच्या माहितीपटांना आवाज द्यायचं काम मिळालं. बोलावणं येईल म्हणून काही महिने ती साड्या इस्त्री करून ठेवत राहिली, मग तेही सोडलं.

तिच्या जागी नवी मुलगी आली, त्या संध्याकाळी रघुपती टीव्ही बंद करायला उठला.

"स्वल्प थांबा," अनुसूया म्हणाली. "उच्चार चांगले आहेत तिचे."

मग तिने हवामानापर्यंत सगळं ऐकलं.