वाकलेल्या शेपटीचा कंगवा

मी एक जुना कंगवा आहे, मित्रांनो. एका बाजूला बारीक दात आणि दुसऱ्या बाजूला वीतभर पोलादी शेपटी, असा माझा थाट होता. आज ती शेपटी वाकडी आहे आणि माझे पाच दात पडले आहेत. म्हातारपणाने नव्हे. ते कसे गेले, तेच सांगतो.

माझा जन्मच ठोकाठोकीत झाला. कडक रबराच्या पट्टीवर करवत फिरली आणि मला दात आले. तापलेल्या सळईवर घणाचे घाव बसले आणि मला शेपटी आली. तेव्हा वाटले, एवढा मार खाल्ला, आता पुढे सगळे मऊच असेल.

मी अक्काच्या दुकानात आलो. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, डोके धुण्याचे एक बेसिन. अक्का केस रंगवण्यात पटाईत होती. तिची धाकटी बहीण बेबी दर दीड महिन्याने यायची. बेबीच्या केसांत तरुणपणापासून अक्काने उजळलेल्या सोनेरी बटा होत्या, आणि आता मधूनमधून पांढरे केस डोकावू लागले होते. अशा वेळी लोक सगळे डोके एकाच रंगात बुडवतात आणि पंधरवड्यात भांगात पांढरी रेघ उमटते. अक्का तसे करीत नसे. माझ्या शेपटीने ती केसांचा पातळ पापुद्रा उचलायची, त्यातून विणकाम केल्यासारख्या एक सोडून एक बारीक बटा काढायची आणि चंदेरी कागदात गुंडाळायची. काही उजळ करायची, काही दोन छटा गडद करायची, आणि मधले पांढरे तसेच राहू द्यायची. मग कुठला केस वयाचा आणि कुठला हौसेचा, हे कुणालाच कळत नसे.

"अक्का, तुझ्या बोटांना डोळे आहेत गं," बेबी म्हणायची.

"डोळे या कंगव्याला आहेत. मी आपली धरून चालते," अक्का म्हणायची. मी फुशारून जायचो.

एके दिवशी सकाळीच बेबी डोक्याला घट्ट रुमाल बांधून आली. तिने तो सोडला आणि अक्काने कपाळाला हात लावला. त्या सोनेरी बटा शेवाळासारख्या हिरव्या झाल्या होत्या.

"तळ्यात बुडी मारून आलीस काय?"

"यांना सगळे काळे हवे होते. म्हातारीबरोबर चारचौघांत जायची लाज वाटते म्हणाले. मग घरीच लावला काळा रंग."

"उजळलेल्या केसाला आधी तांबूस रंगाचे अस्तर द्यावे लागते. थेट काळा थापला की हिरवट झाक मारतो. इतकी वर्षे माझ्या खुर्चीत बसून तू शिकलीस काय?"

बेबी हसली नाही. अक्काने मला तिच्या कानामागे सरकवले आणि एक भांग पाडला. तिथे मी थबकलो. मित्रांनो, त्या जागी केसच नव्हते. रुपयाएवढी कातडी उघडी पडली होती आणि तिच्यातून अजून रक्त पाझरत होते.

"कपाटाचे दार लागले," बेबी पुटपुटली.

"कपाटाला बोटे असतात का गं?"

बेबीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागले. "हिरवे केस बघून यांनी झिंज्या धरून फरफटत ओढले, अक्का. न सांगता आलेय मी."

"आज रंग नाही. जखमेवर मी रंग लावत नाही. आणि त्या घरी आता तू जायचे नाहीस."

ती जखम धुवायला अक्काने तिला बेसिनपाशी नेले, तोच दार धाडकन उघडले. बेबीचा नवरा आत आला.

"चल घरी! तमाशा मांडलाय नुसता!"

"जावईबुवा, आवाज खाली. हे माझे दुकान आहे," अक्का आडवी आली.

त्याने तिला ढकलले. अक्का आरशावर आदळली, आरसा फुटला, काचा खळखळल्या. मी तिच्या हातातून उडून जमिनीवर पडलो आणि त्याचा बूट माझ्यावर पडला. कडकड करीत माझे पाच दात तुटले. त्याने बेबीचे ओले केस मुठीत गुंडाळले आणि तिचे डोके बेसिनच्या काठावर आपटले. एकदा. पुन्हा एकदा. पांढऱ्या बेसिनमध्ये लाल पाणी फिरू लागले. ती गुडघ्यांवर कोसळली. तिचा हात चाचपडत होता, तो माझ्यावर पडला.

जन्मात कुणावर हात न उचललेल्या बेबीने मला मुठीत धरले आणि माझी शेपटी त्याच्या हाताच्या पंजात खुपसली. मी हाडाला अडलो, वाकलो. तो किंचाळला आणि मूठ उघडली.

मी टोचण्यासाठी बनलो नव्हतो. गुंतलेले वेगळे करणे हेच माझे काम. त्या दिवशीही मी तेच केले: एक मूठ आणि एक डोके वेगळे केले.

शेजारचा शिंपी हातातली कात्री न ठेवताच धावत आला. मग पोलीस आले. मला कागदात गुंडाळून, चिठ्ठी बांधून, ठाण्यातल्या कपाटात टाकले. दोन वर्षे मी त्या अंधारात होतो. रक्त वाळून माझ्या शेपटीवर गंज चढला. आपल्याला सगळे विसरले, असे वाटायचे. पण खटला संपला, नवऱ्याला शिक्षा झाली आणि बेबी स्वतः मला न्यायला आली.

दुकानात नवा आरसा होता. बेबी आता अक्काकडेच राहत होती, दुसरी खुर्ची तीच सांभाळत होती. तिच्या कानामागे केस पुन्हा उगवले होते, पण ती बट पांढरीशुभ्र होती. अक्काने नव्या कंगव्याने ती उचलली.

"ही झाकू का गं?"

"राहू दे. बाकीच्या तिच्याभोवती विण."

मग अक्काने हातोडी काढली. "आण इकडे तो म्हातारा. ठोकून सरळ करते."

बेबीने मला उचलून आरशापाशी ठेवले. "खूप मार खाल्लाय त्याने. आता नको."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी म्हणतात, आम्हाला घासा, पुसा, नीट करा. माझे मागणे वेगळे आहे. कुणी रुमाल बांधून आले, तर रंग बघण्याआधी भांग पाडून बघा. आणि मला सरळ करू नका.